खंड्या बोका आणि कौलांची चवड: घरात पाकोळ्या धरणाऱ्या मांजराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर उत्तर रत्नागिरीतलं, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. चिऱ्याचं जोतं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि खळं, मागे न्हाणी आणि गोठा. गोठ्यात आता गुरं नाहीत, लाकूडफाटा असतो. घरात दोनच माणसं, एसटीतून निवृत्त झालेले काका आणि काकू. मुलगा नालासोपाऱ्याला. सून आणि नऊ वर्षांचा नातू गणपतीत आणि मे महिन्यात येतात.

मी त्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर आहे. काकांकडे म्हैस होती तेव्हापासूनची ओळख.

बोक्याचं नाव खंड्या. पिल्लू असताना कोळणीच्या पाटीतला बांगडा उचलून पळाला, म्हणून ते नाव पडलं. या गोष्टीच्या वेळी तो दोन वर्षांचा होता, खच्ची न केलेला. त्याला एकही लस टोचलेली नव्हती आणि हे मला ठाऊक होतं.

मे २०२३ मध्ये काकांनी घर शाकारून घेतलं. पडवीवरचे चार वासे किडले होते ते बदलले, शंभरेक कौलं नवी आणली. जुन्यातली धड निघालेली कौलं गड्यांनी पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लागून रचून ठेवली. पाऊस तोंडावर, घाईचे दिवस. ती चवड तिथेच राहिली.

अडचण

जूनच्या मध्यात एका सकाळी काकूंना उंबरठ्यात पाकोळी मिळाली, एक पंख फाटलेली. आमच्याकडे लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात. दोन दिवसांनी दुसरी. काकू दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितात. त्याच चौकटीत कोपऱ्यात त्या फुली मारायला लागल्या. ऑगस्टअखेर सतरा फुल्या झाल्या होत्या. नंतर या सगळ्या प्रकरणात सर्वात भरवशाचा पुरावा ठरल्या त्या याच फुल्या.

फोनवर काकू म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यानं परत पाकोळी आणलंन, आणि जिती आहे हो!” मला वाटलं, केळीवर येणारं फळं खाणारं वाघूळ असेल. प्रत्यक्ष पाहिलं ते वेगळंच निघालं. अंगठ्याच्या पेराहून जरा मोठं तपकिरी अंग, वजन पाच रुपयांच्या नाण्याएवढं. ही किडे खाणारी जात, कौलांखाली आणि वाशांच्या फटीत राहणारी. पडवीतल्या ज्या लेंड्या काकू उंदराच्या समजून झाडत होत्या, त्यातली एक कागदावर घेऊन चिमटीत दाबली तर तिचा भुगा झाला आणि भुग्यात किड्यांच्या पंखांचे कण चकाकले. उंदराची लेंडी वाळली की अशी चुरत नाही. पाकोळ्या घरातच राहताहेत हे तेवढ्यावरून कळलं.

मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. पाकोळीच्या पंखाचा पडदा इतका पातळ की दाताचं टोक लागलं तरी ते जिवाणू रक्तात जातात. त्यामुळे “सोडली तर उडाली, बरी होती” असं काकांनी दोनतीनदा सांगितलं तरी त्यातल्या फार जगल्या असतील असं मला वाटत नाही. दुसरी बाजू बोक्याची आणि माणसांची. लस नसलेलं मांजर रोज रानटी प्राण्याला तोंड लावतंय आणि रात्री काकूंच्या पायाशी झोपतंय.

पहिले दोन उपाय, दोन्ही चुकलेले

पहिला उपाय काकांचा. जुलैत एका संध्याकाळी त्यांनी माळ्यावर नारळाच्या सोडणांची धुरी केली. डास पळतात तशा पाकोळ्याही पळतील हा हिशेब. पण पाकोळ्या ज्या फटीतून ये-जा करतात त्याच बाजूला धूर जमला आणि त्या उलट खाली घरात उतरल्या. माजघरात, देवघरात, काकूंच्या केसांवरून. खंड्यानं त्या एका रात्रीत तीन धरल्या. सतरातल्या तीन फुल्या एकाच चौकटीत आहेत त्या याच.

दुसरा उपाय माझा. ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला तेव्हा मी एका गोठ्यात अडलेल्या गाईपाशी होतो. त्यांनी सांगितलं की पडवीच्या पश्चिम टोकाला, नवा वासा भिंतीवर टेकतो तिथे बोटभर फट आहे, तिथूनच येतात. मी म्हटलं, “मग बुजवून टाका ना.” दोन वाक्यांत विषय संपवला. काकांनी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी भर दुपारी सिमेंट-वाळू कालवून फट लिंपली.

दुपारी पाकोळ्या आत झोपलेल्या असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. गाईच्या नादात ते डोक्यातच आलं नाही. शिवाय या लहान पाकोळ्या वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, बऱ्याचदा जुळी होतात आणि पिल्लं उडायला लागेपर्यंत फटीतच लटकून असतात. परदेशी माहितीत ‘उन्हाळ्यात पिल्लं असतात, नंतर फट बंद करा’ असं सरळ सांगितलेलं असतं. आपल्याकडे तो हिशेब चालत नाही. महिना कोणताही असो, बॅटरी घेऊन आत पाहिल्याशिवाय फट बुजवायची नसते.

आठवड्यात पडवीत कुजका वास सुटला. ज्यांना वाट सापडली त्या माळ्याच्या फळ्यांमधून खोल्यांत येऊ लागल्या. खंड्याला आता बाहेर जायचीही गरज उरली नाही.

गौरीच्या दिवशी

२१ सप्टेंबर २०२३. घर भरलेलं. बायका गौर आणायला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, गेल्या होत्या. नातवाला माजघरात पाटाखाली खंड्या काहीतरी खेळवताना दिसला. त्यानं बोक्याला ढकललं आणि पाकोळी उघड्या हातात उचलली, वाचवायला म्हणून. बोक्यानं हातावर ओरखडा काढला. पोराच्या म्हणण्याप्रमाणे पाकोळीनंही “टोचलं”. बोटावर नुसते दोन लाल ठिपके होते, रात्रीपर्यंत तेही दिसेनात. काकांनी पाकोळी पऱ्यात टाकून दिली.

साडेआठला काकूंचा फोन आला. मी म्हटलं, आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नको, चुना नको, पट्टी नको. आणि सकाळची वाट न पाहता आत्ताच दवाखान्यात जा. काका रिक्षा करून गेले.

इथे जे झालं ते मला अजून आठवतं. काकांनी सांगितलं, “पोराला पाकोळी चावली.” ड्यूटीवरच्या डॉक्टर बाई देशावरच्या. त्यांना पाकोळी म्हणजे पक्षी वाटला. त्यांचंही चूक म्हणवत नाही, कारण वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यालाही कोकणात पाकोळीच म्हणतात. कागदावर ‘पक्षी चावल्याची जखम’ अशी नोंद झाली. पक्ष्यापासून रेबीज होत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. बोक्याच्या ओरखड्याबद्दल काकांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी तो रोजचाच होता.

सकाळी मी दवाखान्यात फोन लावला आणि ‘वटवाघूळ’ हा शब्द वापरला. बाई एका क्षणात सावध झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत वटवाघळाशी थेट संपर्क तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर गटात मोडतो. आपल्याकडे रेबीज बहुतांश कुत्र्यामुळे होतो आणि वटवाघळाचा रुग्ण बाईंनी कधी पाहिला नव्हता. पण लस न टोचलेल्या मांजराचा रक्त आलेला ओरखडा ऐकल्यावर वादाला जागाच उरली नाही. लस त्याच सकाळी सुरू झाली. इम्युनोग्लोब्युलिनसाठी, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी, शहरात जावं लागलं. २२, २५, २९ सप्टेंबर आणि २० ऑक्टोबर असे चार दिवस ठरले. शेवटचे डोस नालासोपाऱ्याला झाले आणि सुनेनं एकही चुकवला नाही.

त्याच महिन्यात केरळात कोझिकोडला निपाह विषाणूचे रुग्ण सापडले होते, टीव्हीवर सारखी वटवाघळं दिसत होती. शेजारचे येऊन सांगायला लागले की घर जाळून पाकोळ्या मारा. २०२१ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध केलं होतं, तेही कोणाच्या तरी मोबाईलमध्ये होतं. निपाहचा मुख्य आसरा म्हणजे फळं खाणारी मोठी वाघळं, आणि महाराष्ट्रात माणसांत त्याची साथ आलेली नव्हती. तरी पाकोळी हाताळू नये, कुरतडलेलं फळ खाऊ नये, हे मीही सांगितलं. भीती अवास्तव होती, सल्ला तसा नव्हता.

काय काय पर्याय होते

२२ तारखेला दुपारी खळ्यात बसून काकांनी, त्यांच्या मुलानं आणि मी एकेक पर्याय काढला.

बोका पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायचा. हे काकांचं. काकू आतून म्हणाल्या, “आधी मला सोडा.” तो पर्याय तिथेच मिटला. आणि फट तशीच राहिली असती तर शेजारची मनी त्या जागेवर येऊन बसलीच असती.

गळ्यात घुंगरू बांधायचं. मुलाची ही कल्पना अनेकांना सुचते. पण खंड्या पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. घुंगरू वाजेल ते उडी मारताना, तोवर पाकोळी पंजात. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासातही घुंगरामुळे शिकारीत फरक पडलेला दिसला नाही. मांसयुक्त आहार दिल्यावर मात्र घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाचदहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी कमी झाली. शिवाय आमच्याकडे गळपट्टा काजूच्या फांदीत अडकून मांजर लटकल्याचं मी एकदा पाहिलं आहे.

डांबरगोळ्या, रॉकेल वगैरे मी ऐकूनच घेतलं नाही. धुरीचा अनुभव पुरेसा होता.

पाकोळ्या रीतसर बाहेर काढायच्या. म्हणजे फटीवर जाळीचा पडदा वरून ठोकायचा, खालून सैल ठेवायचा. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. आठवडाभर तसं ठेवून मग फट बुजवायची. हा खरा उपाय, पण पिल्लं असताना आणि पावसात नाही. फळं खाणारी वाघळं तर वन्यजीव कायद्यात आधी ‘उपद्रवी’ यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. मारायचं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर आवाज थोडा उतरला.

आणि काहीच न करता संध्याकाळी बसून पाहायचं. हा पर्याय सर्वात आधीचा असायला हवा होता.

पाहिलं तेव्हा कळलं ते

काकांनी वासाला कंटाळून सिमेंट आदल्याच आठवड्यात अर्धं फोडलं होतं. उरलेलं दुपारी आम्ही काढलं. आत नऊ मेलेल्या मिळाल्या, त्यात चार पिल्लं, अजून अंगावर केस नसलेली. तोंडाला फडकं बांधून, लेंड्यांवर आधी पाणी मारून सगळं गोळा केलं. कोरडी विष्ठा झाडली की त्यातल्या बुरशीचे कण फुफ्फुसात जातात. मग चहा घेऊन खळ्यात खुर्च्या टाकल्या.

सूर्य साडेसहाच्या सुमारास गेला. पंधराएक मिनिटांनी पहिली पाकोळी फटीतून सरपटत बाहेर आली, क्षणभर लटकली आणि सुटली. सुटली म्हणजे उडाली नाही. आधी हातभर खाली पडली, मग पंख पसरून वर गेली. दुसरीही तशीच. तिसरी पडताना चवडीवर काहीतरी हललं. खंड्या तिथेच होता. कौलांच्याच रंगाचा, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, मान वर. आम्ही तिघं दहा मिनिटं त्याच दिशेला बघत होतो आणि तो कोणालाच दिसला नव्हता.

फट जमिनीपासून साडेसात फुटांवर. चवड चार फुटांची. पाकोळी हातभर खाली येते. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बोक्याचा पंजा बरोबर तिथे पोचतो. उडीसुद्धा मारावी लागत नाही. गणित इतकं सोपं होतं की काका हसायला लागले आणि मला मात्र हसू आलं नाही.

दुसरं कारण पडवीतला दिवा. पांढरा एलईडी संध्याकाळी सहालाच लागायचा, पावसातले किडे त्याभोवती जमायचे आणि पाकोळ्या त्यांच्यामागे खाली घिरट्या घालायच्या. खिडकीच्या कठड्यावरून तिथेही पंजा पोचत होता.

केलेली कामं

दुसऱ्या दिवशी गौरी-गणपती विसर्जन. सकाळी बाप्पा उठायच्या आधी मुलानं आणि शेजारच्या दोन पोरांनी अर्ध्या तासात चवड गोठ्यामागे नेली. बाकडंही हलवलं. भिंतीलगतची पाच फूट जागा मोकळी झाली. दिवा पडवीतून काढून गडग्याजवळच्या खांबावर लावला. माळ्याच्या फळ्यांतल्या फटी आतून पट्ट्या ठोकून बंद केल्या, त्यामुळे पाकोळ्यांना घरात यायची वाट राहिली नाही. बाहेरची फट उघडीच ठेवली.

खंड्याचं जेवण संध्याकाळी सहाला, स्वयंपाकघरात, दार लावून. बहुतेक दिवशी माशाची डोकी आणि भात. साडेसात-आठपर्यंत आत. पहिले चार दिवस त्यानं दार खरवडलं, काकूंनी रेडिओ मोठा केला.

बोक्याला लस मी त्याच दिवशी सुरू केली. चावा बसलेल्या जनावराला आम्ही देतो त्या वेळापत्रकाप्रमाणे ०, ३, ७, १४, २८. डिसेंबरात खच्ची केला. रात्री भटकणं कमी झालं. शिकारीची खोड त्यानं जाते असं मी कोणाला सांगणार नाही.

पाकोळ्या कायमच्या काढायच्या की नाही हा प्रश्न जानेवारीत परत निघाला. काका म्हणाले, असू दे. पडवीत डास कमी असतात असं त्यांचं म्हणणं, आणि फटीखाली काकूंनी जुनी पत्र्याची पाटी ठेवली आहे, तिच्यात जमतं ते मिरचीच्या वाफ्याला जातं. मी आग्रह धरला नाही.

आज असतं तर

फोनवर फट बुजवायला सांगितलं नसतं. आता अशा फोनला मी तीन प्रश्न विचारतो. किती वाजता धरतो, कुठे धरतो, आणि त्या जागेच्या खाली काय आहे. तिसऱ्याचं उत्तर बहुधा पिंप, लाकडाचा ढीग किंवा उभी शिडी असतं.

पहिली पाकोळी पाहिली त्या दिवशीच बोक्याला लस टोचायला हवी होती. पिशवीत लस होती.

ती पाकोळी पऱ्यात टाकू द्यायला नको होती. रेबीजची तपासणी मेंदूच्या नमुन्यावर होते, नमुना गेला की पोराला लस देण्याखेरीज मार्गच उरत नाही. जाड पिशवीत घालून बर्फात ठेवून घ्यायला सांगायचं राहून गेलं, फोनवर मी फक्त हात धुण्याबद्दल बोललो.

आणि गणपतीला येणाऱ्या पोरांना आधी सांगायला हवं होतं. काकूंनी मखराच्या दिव्यांबद्दल सांगितलं, विहिरीबद्दल सांगितलं. पाकोळीबद्दल कोणालाच सुचलं नाही.

पुढचं

ऑक्टोबरात दोन फुल्या, दोन्ही काकू दार लावायला विसरल्या त्या दिवशीच्या. नोव्हेंबरात एक. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरे. मार्च २०२४ मध्ये खंड्यानं परसातल्या केळफुलावर आलेलं फळखाऊ वाघूळ धरलं. त्याला आमच्या कोणत्याच उपायानं अडवलं नसतं. त्यालाही काकूंनी फुली दिली, पण वेगळ्या रंगात.

नातू बरा आहे. मे महिन्यात आला तेव्हा त्यानं पाकोळ्या मोजायचा खेळ काढला, खळ्यातून, हात पाठीमागे बांधून. एका संध्याकाळी एकतीस भरल्या.

त्याच मे महिन्यात पुन्हा शाकारणीला गडी आले आणि पहिल्याच दिवशी काढलेली कौलं पश्चिमेच्या भिंतीला लावायला लागले. काकू आतून धावत आल्या. “तिथे नको रे बाबांनो, गोठ्यामागे न्या!” गड्यांना काही कळेना. चवड हलेपर्यंत दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांच्या कालनिर्णयवर दोन फुल्या आहेत.